भिंतीवरचे सतरा लाडू

तारीख ९ एप्रिल, सकाळी दहा. ठरलेली रक्कम सहा हजार पाचशे, रंग धरून. पैकी दोन हजार तिथंच रोख दिले. हजर चौघं: मी, माझी बायको, वरवंडहून आलेली माझी आत्या आणि शिरूरचे पेंटरचाचा. मुलगीही घरात होती, पण ती दाराआडून ऐकत होती, म्हणून तिला हजर धरलेलं नाही.

काम असं होतं. मुलीचं लग्न २६ तारखेला. न्हावऱ्यातल्या आमच्या घराची पुढची भिंत बावीस फूट रुंद, नऊ फूट उंच, मधोमध दार. दाराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अशी सहा गाणी रंगवायची. गाणी लिहायची नाहीत. गाण्यात जे घडतं ते काढायचं.

ही कल्पना माझी नव्हे. मी दूध संकलन केंद्रावर हिशेब ठेवतो. लिटर, फॅट, पंधरवड्याचं बिल यापलीकडं काही सुचायची माझ्या डोक्याला सवय नाही. बायकोला दारात फ्लेक्स हवा होता, नवरा-नवरीच्या फोटोंचा, आठ बाय दहा. मी भावही काढून आणला होता. आत्यानं तो कागद हातात घेतला आणि न वाचताच माझ्याकडं परत दिला.

"फ्लेक्स? त्यो बघ तिकडं."

शेजाऱ्याच्या कांद्याच्या चाळीवर गेल्या वर्षीच्या त्यांच्या मुलाच्या लग्नातला फ्लेक्स अंथरला होता. फेटा बांधलेला, गॉगल लावलेला नवरदेव चाळीच्या उतारावर आडवा पडून आभाळाकडं बघत हसत होता.

"लगीन झालं की नवरदेव कांद्यावर," आत्या म्हणाली. "माझ्या नातीचा नवरा मी कांद्यावर टाकू द्यायची न्हाई."

बायको हसत सुटली आणि फ्लेक्स तिथंच बारगळला. पूर्वी आमच्याकडं लग्नघराच्या भिंतीवर गणपती, भालदार-चोपदार, मोर असं काढायची रीत होती. आत्याचं म्हणणं, मोर सगळेच काढतात, आपण गाणी काढू. तिला जात्यावरची आणि लग्नातली मिळून किती गाणी येतात ते मी एकदा मोजायला बसलो होतो. एकशे चाळीसपर्यंत गेलो आणि दूध घालायची वेळ झाली.

चाचा म्हणजे पासष्टीचे गृहस्थ. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या भागातल्या दुकानांच्या पाट्या आणि लग्नघराच्या भिंती रंगवल्या. फ्लेक्स आले आणि ते गाड्यांच्या नंबरप्लेटवर आले. काम ऐकल्यावर ते खुर्चीवरून उठलेच.

"गाणी काढायची? भिंतीवर? भाऊ, पैशाचं राहू द्या हो!" असं म्हणून त्यांनी आठ हजार सांगितले. ते साडेसहावर आणायला मला चहाचे दोन कप लागले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. चाचा सकाळी आठला जुन्या मोपेडवर येत, डबे लटकवून. निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून फट्‍कन सोडत आणि सरळ रेघ उमटे. त्या आवाजाला गल्लीतली कुत्री पहिल्या दिवशी भुंकली, दुसऱ्या दिवशी नुसती बघत बसली.

आत्याचा एक हट्ट होता. हात फिरल्याशिवाय तिला गाणं येत नाही. पत्र्याच्या शेडमधून जातं काढावं लागलं. नुसतं जातं फिरवायला तिची तयारी नव्हती, म्हणून बायकोनं गहू आणून ठेवले. आत्या दळत गाणार, चाचा ऐकून काढणार. एक ओळ झाली की चाचा ब्रश थांबवून विचारत, "आक्का, फुडं?" आणि जातं पुन्हा घरघरायचं. चार दिवसांत सहा गाणी झाली आणि साडेतीन किलो पीठ. ही दुसरी गोष्ट कराराबाहेरची फायद्याची.

चाचांनाही पुष्कळ गाणी येत होती. त्यांची आई याच ओव्या म्हणत दळायची, फक्त देवाच्या जागी पीरबाबा यायचे. कधी आत्या विसरली की चाचा भिंतीकडं तोंड करून पुढची ओळ म्हणत आणि आत्या म्हणे, "चुकतंय तुमचं, पेंटर." मग दोघंही आपापली ओळ म्हणत, आणि मी दोन्ही लिहून घेई.

चाचांचा नियम एकच. "गाण्यात जेवढं हाय तेवढं काढणार. कमी न्हाई, जास्त न्हाई." हा नियम मला फार पटला. पहिल्याच चित्राला मात्र त्यानं माझी पंचाईत केली.

पहिल्या गाण्यात भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. आत्याच्या गाण्यात त्याच्या गाडीची बैठक चंदनाची, बैलांच्या शिंगांना सोनं आणि मागं बारा घोडेस्वार. आता आत्याचा भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडं एक सायकल होती, तीही चुलत्यांबरोबर भागीत.

"आत्या, आबा तुला न्यायला सायकलवर यायचे," मी म्हणालो. "कॅरिअरवर पोत्याची घडी टाकून."

"मला म्हाईत न्हाई व्हय? कॅरिअरवर मी बसले का तू? खरं कसा आला ते मला ठावं हाय. गाण्यात कसा आला ते काढायचंय."

"पण बारा घोडेस्वार?"

"बाराच कशाला म्हणते मी? अठरा काढा हो पेंटर."

"गाण्यात बारा हायेत आक्का," चाचा म्हणाले. बारावरच तडजोड झाली. पाच घोडे पूर्ण आणि सातांचे नुसते कान, कारण जागा तेवढीच होती. मी कान मोजले. चौदा भरले.

चित्रं एकामागून एक उतरू लागली तशी मला केंद्रावर करमेना. फॅट काढतानाही भिंत दिसायची. हळदीच्या चित्रात नवरी इतकी पिवळी होती की दूध घालायला आलेला एक जण म्हणाला, "काविळीचं औषध द्या तिला." सुगीच्या चित्रात कणसांएवढी चिमणी आणि चिमणीएवढी कणसं होती. लोक मोटारसायकल थांबवून बघत. मला तर घरी येताना पायऱ्या दोन-दोन चढाव्याशा वाटत, आणि मी चढायचोही.

आता एक काळजी सांगायची राहिली. आमच्या विहीणबाई, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या आई, दौंडला शाळेत शिक्षिका. उंच, सोनेरी काडीचा चष्मा, घड्याळ उजव्या हाताला, पर्स कायम काखेत. लग्न जमवण्याच्या तीन बैठका आणि साखरपुडा मिळून त्या आमच्यासमोर साधारण अकरा तास बसल्या आणि एकदाही हसल्या नाहीत. मुलगी रडवेली होऊन आईला म्हणाली होती, "तो चांगला आहे गं. पण रोज त्यांच्यासोबत राहायचंय मला. त्यांना मी आवडलेच नसले तर?" लग्न मोडण्याची भीती नव्हती. पण त्या घरात तिला उभा जन्म काढायचा होता, आणि सुरुवातच कपाळावरच्या आठीनं व्हायला नको, एवढंच आम्हा दोघांना हवं होतं.

१३ तारखेला सहावं आणि शेवटचं चित्र. त्यासाठी चाचा उजाडतानाच आले होते. माझ्या यादीत सहाव्या क्रमांकावर 'पाठवणी' होती: नवरी उंबरा ओलांडते, आई पदर डोळ्याला लावते. मी केंद्रावरून सव्वानऊला परत आलो. चाचा ब्रश धूत होते. आत्या जात्यापाशी बसून पीठ भरत होती. आणि भिंतीवर पाठवणी नव्हती.

भिंतीवर पंगत होती. पंगतीत एकच बाई. उंच, सोनेरी काडीचा चष्मा, घड्याळ उजव्या हाताला, काखेत पर्स, आणि पर्समधून डोकावणारे दोन लाडू. पुढ्यातल्या ताटात लाडवांचा डोंगर. एक लाडू उजव्या हातात, एक डाव्या हातात, गाल फुगलेला. मागं लाडवांनी भरलेली बैलगाडी येत होती आणि वाढपी हात टेकून जमिनीवर बसला होता.

मी भिंतीकडं बोट केलं. "हे काय?"

"विहिणीचं गाणं," आत्या म्हणाली. "वरमाईला डिवचायचं."

"मी पाठवणी लिहिली होती!"

"मांडव पडायच्या आदी पाठवणी म्हणत्यात व्हय रं? आपल्यात म्हणत न्हाईत. अपशकून होतो. सहावं गाणं पायजे होतं, मी ह्ये म्हणलं."

"आणि हा चेहरा?"

"पेंटर म्हणले विहीण कशी काढू. मी साखरपुड्यात बघितली होती, तशी सांगितली."

चाचांनी मान हलवली. "आक्कानं लई बारीक सांगितलं, भाऊ. घड्याळ कुठल्या हाताला त्येबी."

मी लाडू मोजले. ताटात तेरा, हातांत दोन, पर्समध्ये दोन. सतरा. गाडीतले सोडून.

इतक्यात बायको फोन हातात धरून बाहेर आली. तिचा चेहरा हळदीच्या चित्राएवढा पिवळा होता. "अहो, विहीणबाई एसटीत बसल्यात. शालूच्या ब्लाउजचं माप घ्यायला येतायत. अकरापर्यंत पोचतील." मग तिनं भिंत बघितली आणि फोन पायरीवर ठेवून स्वतःही पायरीवर बसली.

त्या १५ तारखेला यायच्या होत्या. माझ्याकडं तसं लिहून ठेवलेलं होतं.

मी चाचांना म्हणालो, चुना मारा. चाचा म्हणाले, "ओल्या ऑइलपेंटवर चुना बसतोय का भाऊ? समदं घसरून लाडवाचा राडा होईल." मग पुसा. "पुसलं तर खालचा थरबी निघंल. आन् माझा हात चालायचा न्हाई. चाळीस वर्सांत असं त्वांड जमलं नव्हतं मला." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते, आणि चित्र खरोखर जमलं होतं. गालाचा फुगा तर असा, की बघून आपलाच गाल दुखावा.

शेजारी कुंपणावरून सगळं बघत होता. तो म्हणाला, "झाकायचंच ना? थांबा." आणि चाळीवरचा फ्लेक्स सोडून घेऊन आला. आम्ही दोघांनी तो टांगायला घेतला. कोरी पांढरी बाजू बाहेर ठेवायची, असं मी सांगितलं. शेजारी थबकला.

"म्हंजी माझ्या पोराचं त्वांड ओल्या रंगात घालता व्हय? सून बगंल तर काय म्हणंल?"

वाद घालायला वेळ नव्हता. पोराचं तोंड बाहेर ठेवून फ्लेक्स चार खिळ्यांवर अडकवला. कांद्याची सालं झटकली. लांब उभं राहून बघितलं. झाकलं गेलं होतं. आम्ही इतके खूष झालो की एकमेकांना टाळी दिली. नवरीच्या दारात दुसराच नवरदेव टांगला आहे, हे आम्हा पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

विहीणबाई दहा पन्नासला फाट्यावर उतरल्या आणि चालत आल्या. काखेत पर्स, हातात पिशवी. मी पुढं झालो, बायकोनं पाणी आणलं. त्यांनी भांडं घेतलं आणि भिंतीकडं बघून ते तसंच हातात धरून ठेवलं. शिक्षिका असल्यामुळं त्यांनी जे लिहिलं होतं ते मोठ्यानं वाचलं: नवरदेवाचं नाव, त्याच्या वडिलांचं, खाली मित्रमंडळाचं. मग माझ्याकडं वळल्या.

"व्याही, हा आमचा मुलगा नाही."

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग हा कोण?"

"माझा पोरगा हाय," शेजारी कुंपणावरून अभिमानानं म्हणाला.

विहीणबाईंनी एकदा त्याच्याकडं, एकदा फ्लेक्सकडं, एकदा माझ्या बायकोकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी चढायला लागली. नेमकी हीच आठी आम्हाला नको होती. मी तोंड उघडलं, पण आतून हिशेबच लागेना: आधी काय सांगावं, लाडू का नवरदेव?

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. सरळ भिंतीपाशी गेली, फ्लेक्सच्या दोन्ही टोकांना धरलं आणि ओढलं. चर्र करून फ्लेक्स सुटला.

"आई, तो नवरदेव झाकण म्हणून लावला होता. खाली तुम्ही आहात. गाण्यातल्या विहीण. माझ्या घरच्यांना तुमची भीती वाटते. मलाही वाटते. पण खोटं बोलून तुमच्या घरी यायचं नाही मला."

विहीणबाई पुढं झाल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. फ्लेक्स निघताना भुवयांचा काळा रंग फरफटत खाली आला होता आणि चित्रातल्या विहिणीला झुपकेदार मिशी फुटली होती. आमच्या खऱ्या विहीणबाई बोट पुढं करून, वर्गातली पोरं मोजावीत तसे लाडू मोजू लागल्या.

"सतरा," त्या म्हणाल्या.

"सतराच," मी म्हणालो. एवढ्यावर तरी आमचं एकमत होतं.

"गाण्यात किती आहेत?"

आत्या जात्यापाशीच बसून होती. "गाण्यात पाच पायल्यांचे हायेत बाई. भिंतीवर जागा न्हाई."

"आमच्याकडच्या गाण्यात एकवीस. मोजून एकवीस. आणि विहीण 'मीठ कमी आहे' म्हणते." त्या चाचांकडं वळल्या. "आणि ही मिशी? ही गाण्यात आहे का?"

चाचा हात जोडून म्हणाले, "न्हाई बाई. मिशी फ्लेक्सची हाय."

तिथं त्या फुटल्या. आधी नाकातून एक आवाज आला, मग खांदे हलले, मग त्यांनी पर्स काखेतून काढून पायरीवर ठेवली, पोट धरलं आणि हसत हसत माझ्या बायकोच्या शेजारी पायरीवर बसल्या. बायको आधी घाबरून हसली, मग खरं हसली. शेजारी कुंपणाला धरून हसत होता. मला तर इतकं हसू आलं की भिंतीला हात टेकला आणि हाताला पिवळी हळद लागली.

दम खाऊन विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या नणंदेच्या लग्नात मी एकटीनं वीस गाणी म्हटली होती. मोठ्या मुलाच्या लग्नात डीजे लावला होता. वरमाई म्हणून मिरवले, पण मला डिवचायला एकही बाई पुढं आली नाही. सगळ्या 'या बाई, बसा बाई'. वाटलं, आपण वरमाई झालो का शाळा तपासायला आलो?" मग मुलीकडं बघून म्हणाल्या, "तुझ्याही घरी तेच चाललं होतं. तीन बैठका झाल्या आणि कुणी एक शब्द टोचून बोललं नाही. मला वाटलं, या लोकांना मी आवडलेच नाही."

मुलीनं स्वतःच्या आईकडं बघितलं. तिचंच वाक्य होतं ते.

आमच्याकडं विहिणीवर गाणं झालं की विहिणीनं उत्तराचं गाणं म्हणायचं, ही रीत आहे. विहीणबाईंनी पदर खोचला, आत्यासमोर जात्याला दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि सुरू केलं:

व्याह्याच्या मांडवात भाताचं मोजमाप गं,
शीत न् शीत मोजून वाढी नवरीचा बाप गं!

"पहिल्या बैठकीत तुम्ही ताटलीतले पेढे मोजत होतात," त्या मला म्हणाल्या. "मी पाहिलं होतं."

चाचांनी ब्रश उचललासुद्धा. "फुडं, बाई?"

सातवं चित्र दाराच्या वर आलं, कारण जागा तेवढीच राहिली होती. त्यात मी तराजू घेऊन बसलो आहे, एका पारड्यात भाताचं एक शीत, दुसऱ्यात एक वजन, आणि भुकेलेली पंगत वाट बघते आहे. पंगतीत पाहुणे नऊ. मी मोजले, आणि मोजतोय हे लक्षात येऊन सगळी पुन्हा हसली.

लाडू एकवीस करायचे ठरले, नियमाप्रमाणे. गाणं जिचं, आकडा तिचा. उरलेले चार विहीणबाईंनी चाचांना काढू दिले नाहीत. "हिला द्या ब्रश." मुलीनं चार लाडू काढले. दोन गोल झाले, दोन बटाट्यासारखे. चाचांनी दुरुस्त करायला हात पुढं केला तर विहीणबाई म्हणाल्या, "असू दे. माझ्या सुनेचे आहेत." मिशी मात्र टर्पेंटाइननं काढली, कारण ती गाण्यात नव्हती. ब्लाउजचं माप घ्यायचं राहिलंच. त्यासाठी त्या १५ तारखेला परत आल्या आणि तेव्हाही गाऊन गेल्या.

आता चुकतं केल्याचा तपशील. चाचांना करारातले राहिलेले साडेचार हजार माझ्याकडून, आणि सातव्या चित्राचे पाचशे विहीणबाईंकडून, कारण तुमची थट्टा तुमच्या खर्चानं व्हायला नको, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चाचांना एकूण सात हजार पोचले. गाणी थांबवायला विहिणीनं ताटात पैसे टाकायचे असतात, त्यांनी एकवीस टाकले, आत्या थांबेना, एक्कावन्न केले, तरी थांबेना, एकशे एकवर थांबली, ते आत्याला. फ्लेक्सच्या मागं सतरा लाडवांचे उलटे ठसे उमटले होते, त्याची भरपाई द्यायला मी गेलो, तर शेजाऱ्यानं घेतली नाही. आता तो लाडवांची बाजू वर करून कांद्यावर घालतो. आणि चार लाडवांची मजुरी, लाडवामागं अकरा प्रमाणे चव्वेचाळीस रुपये, विहीणबाईंनी पर्समधून मोजून काढले आणि माझ्या मुलीच्या रंगानं भरलेल्या हातात ठेवले.